यंत्राचा सोबती आणि घरचा पहारेकरी

गतवर्षीं आमच्या शाळेंत चित्रकलेच्या वर्गासाठीं एक ड्रॉइंग टॅब्लेट घेण्यांत आला. ह्या काळ्या पाटीवर लेखणीनें रेघ ओढिली, कीं ती संगणकाच्या पडद्यावर उमटते; मात्र त्याकरितां संगणकांत त्या यंत्राचें सोबतीचें सॉफ्टवेअर बसवावें लागतें. आमच्या एका सहकाऱ्यांनीं तें घरीं उतरवून पेनड्राइव्हवर आणिलें. वाटेंत त्याच पेनड्राइव्हवरून त्यांनीं झेरॉक्सच्या दुकानांत वर्गाचें वेळापत्रक छापून घेतलें होतें. वर्ग भरला, मुलें पडद्याभोंवतीं दाटीनें उभीं राहिलीं, आणि सॉफ्टवेअर बसवूं जातां कोपऱ्यांत इशारा झळकला, कीं ह्या फाइलींत घातक प्रोग्राम आढळला आहे.

तास संपावयास थोडाच अवकाश होता. टॅब्लेटबरोबर आलेल्या पत्रकांत तर स्पष्टच छापलें होतें, कीं बसविण्यापूर्वीं अँटीव्हायरस बंद करावा. तेव्हां आम्हीं फारसा विचार न करितां म्हटलें, "बंद करून टाक तो, आणि चालूं दे पुढें." संगणकापुढें बसलेली नववींतील मुलगी क्षणभर थांबली आणि हळूच म्हणाली, "सर, कुत्रा भुंकला तर त्याचें तोंड बांधायचें, कीं दाराशीं कोण आलें आहे तें पाहायचें?"

वर्ग हसला; आम्ही मात्र ओशाळलों. त्या संगणकांत मुलांचे दोन वर्षांचे प्रकल्प होते आणि दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे गुणही होते. तें सर्व पणास लावण्यास आम्ही निघालों होतों, आणि तें केवळ घाईपोटीं. त्या दिवशीं टॅब्लेट चालू झाला नाहीं. पण त्या मुलीच्या प्रश्नानें आम्हांस अभ्यासास लाविलें. त्या अभ्यासाचें फळ येथें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम पहारेकऱ्याची रीत पाहूं. अँटीव्हायरस मुख्यत्वें तीन प्रकारांनीं पारख करितो. पहिला प्रकार ओळखीच्या खुणांचा. पोलीसचौकींत जशीं सराईत चोरांचीं छायाचित्रें लाविलेलीं असतात, तशी घातक प्रोग्रामांच्या खुणांची यादी त्याजपाशीं असते, आणि ती नित्य नवी होत असते. ह्याचें गमतीचें उदाहरण म्हणजे 'आयकार' नांवाची चांचणी-फाइल. तिच्यांत अवघीं ६८ अक्षरें असतात व ती कोणाचेंही कांहीं बिघडवीत नाहीं. परंतु बहुतेक सारे अँटीव्हायरस ठरल्याप्रमाणें तिच्यावर ओरडतात. पहारेकरी जागा आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठींच ती केलेली आहे. दुसरा प्रकार वर्तनाचा: प्रोग्राम ओळखीचा नसला तरी तो करतो काय, ह्याकडे लक्ष ठेवणें. तिसरा प्रकार लौकिकाचा: ही फाइल आजवर किती जणांनीं उतरविली, तिच्यावर कोणाची सही आहे, आणि ती सही करणारा कितपत परिचित आहे.

आतां सोबतीच्या सॉफ्टवेअरचें वर्तन पाहा. कीबोर्डचें सॉफ्टवेअर प्रत्येक कळ दाबिली जातांना ऐकतें, कारण एखाद्या कळेस नवें काम नेमून द्यावयाचें असतें. पंख्याचा वेग वा दिव्यांचा रंग बदलणारें सॉफ्टवेअर संगणकाच्या अगदीं गाभ्यांत शिरतें, कारण त्यावांचून पंखा त्याचें ऐकत नाहीं. संगणक सुरू होतांच तें आपोआप जागें होतें, आणि नवी आवृत्ति आली कीं इंटरनेटवरून ती उतरवून घेतें. आतां पासवर्ड चोरणारा प्रोग्राम काय करितो? तोही कळा ऐकतो, गाभ्यांत शिरतो, आपोआप जागा होतो, आणि दूरच्या यंत्राशीं बोलतो! लक्षणें जवळजवळ तींच. भेद आहे तो हेतूचा. पहारेकऱ्यास लक्षणें दिसतात, हेतु दिसत नाहीं. म्हणून प्रामाणिक सोबत्यावर तो कधीं कधीं भुंकतो, आणि मेंढराचें कातडें पांघरलेला लांडगा कधीं कधीं त्याच्या समोरून निघून जातो.

आमचें हें म्हणणें चार खऱ्या घटनांवरून स्पष्ट होईल.

पहिली घटना पहारेकऱ्याच्या चुकीची. ता. २१ एप्रिल २०१० रोजीं मॅकअफी ह्या कंपनीनें आपल्या अँटीव्हायरसच्या खुणांची नवी यादी पाठविली. तिच्यांतील एका चुकीमुळें विंडोज एक्सपीच्या एका आवृत्तींतील 'एसव्हीसीहोस्ट' नांवाची मूळचीच व अत्यंत आवश्यक अशी फाइल विषाणु ठरली. हजारों संगणक पुनःपुन्हां बंद पडून चालू होऊं लागले, आणि कित्येक ठिकाणचीं कामें ठप्प झालीं. घरच्याच माणसास चोर समजून कुत्रा चावला! तेव्हां इशारा म्हणजे कांहीं न्यायाधीशाचा निकाल नव्हे.

दुसरी घटना ह्याच्या अगदीं उलट. सन २०२५ मध्यें अमेरिकेंतील एका परीक्षकानें प्रोकलर्ड ह्या चिनी कंपनीचा, कांहीं हजार डॉलर किंमतीचा प्रिंटर परीक्षणासाठीं घेतला. त्यासोबत आलेला सॉफ्टवेअरचा पेनड्राइव्ह लावतांच अँटीव्हायरसनें इशारा दिला. कंपनीकडे विचारणा केली असतां उत्तर मिळालें, कीं हा खोटा इशारा आहे. त्या गृहस्थाचें समाधान झालें नाहीं. त्यानें जाणत्यांकडे मदत मागितली. जी डेटा ह्या जर्मन संस्थेच्या संशोधकानें कंपनीच्या संकेतस्थळावरून मिळणारें सॉफ्टवेअर तपासलें, तों सहा प्रकारच्या प्रिंटरांच्या सॉफ्टवेअरांत मिळून ३९ फाइली दूषित निघाल्या. त्यांत दोन प्रकारचे घातक प्रोग्राम होते. एक्सरेड नांवाचा पहिला प्रोग्राम परक्यास संगणकांत शिरण्यासाठीं मागचें दार उघडून देणारा होता. स्निपव्हेक्स नांवाचा दुसरा मोठा कपटी. कोणी बिटकॉइनचे पैसे पाठविण्यासाठीं पत्ता नकलून घेतला, कीं हा त्याच्या जागीं चोराचा पत्ता ठेवी. शिवाय संगणकांतील इतर चांगल्या प्रोग्रामांना चिकटून आपली लागणही तो वाढवी. कंपनीनें ता. ८ मे २०२५ च्या सुमारास तें सॉफ्टवेअर संकेतस्थळावरून काढून टाकिलें, आणि पेनड्राइव्हनें फाइलींची नेआण करतांना ही लागण झाली असावी असें कळविलें.

विद्यार्थ्यांनो, येथें क्षणभर थांबा. कंपनीनें जाणूनबुजून विष कालविलें असें कोणी म्हणत नाहीं. परंतु आपलें घर तपासण्यापूर्वींच तिनें पहारेकऱ्यास खोटें ठरविलें. 'अँटीव्हायरस उगीच ओरडतो' हें वाक्य बहुधा खरें असतें, आणि म्हणूनच तें घातक असतें. कारण दहा वेळां खरें ठरलेलें वाक्य अकराव्या वेळीं कोणी तपासून पाहत नाहीं.

तिसरी घटना सर्वांत बोधप्रद आहे. संगणकाचें तापमान मोजणारीं, पंखे फिरविणारीं व रंगीत दिवे लावणारीं पुष्कळशीं सॉफ्टवेअरें विनरिंगझीरो नांवाचा एक लहानसा घटक वापरीत असत. संगणकाच्या गाभ्याशीं बोलणाऱ्या अशा घटकास ड्रायव्हर म्हणतात. मार्च २०२५ मध्यें विंडोजच्या डिफेंडर ह्या अँटीव्हायरसनें त्याला धोकादायक ठरवून अडकवून ठेवण्यास आरंभ केला. लोकांचे पंखे नेहमींप्रमाणें फिरेनात, आणि एकच गिल्ला झाला, कीं हा खोटा इशारा आहे. तो खोटा होता काय? त्या ड्रायव्हरच्या कर्त्याचा हेतु वाईट नव्हता, आणि तो वापरणारे प्रोग्रामही चोर नव्हते. परंतु त्या ड्रायव्हरमध्यें एक उणीव होती, व ती २०२० सालींच जाहीर झाली होती: संगणकांतील कोणताही सामान्य प्रोग्राम त्याच्या द्वारें गाभ्याच्या स्मृतींत हवें तें वाचूं अथवा लिहूं शकत असे. म्हणजे माणूस भला, पण त्याच्या घराच्या दारास कडी नाहीं! असा माणूस शेजारीं राहिला तर चोर त्याच्या अंगणांतून आपल्या घरांत येणार. इशारा खरा कीं खोटा, एवढाच प्रश्न विचारणारास ह्या घटनेचें उत्तर सांपडत नाहीं. 'कशाविषयीं इशारा?' असें विचारावें लागतें.

चौथी घटना मुक्या पहारेकऱ्याची. आसूस कंपनीच्या संगणकांत नव्या आवृत्त्या आपोआप आणणारें 'लाइव्ह अपडेट' नांवाचें सोबतीचें सॉफ्टवेअर असे. सन २०१८ च्या जून ते नोव्हेंबर ह्या काळांत चोरांनीं त्यांतच आपला प्रोग्राम मिसळला. त्यावर कंपनीची खरी सही होती, आणि तो कंपनीच्याच यंत्रांवरून वाटला जात होता. त्यामुळें कित्येक महिने कोणासही संशय आला नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें कॅस्परस्की ह्या संस्थेस तो सांपडला व मार्चमध्यें ही गोष्ट जगजाहीर झाली. त्या एका संस्थेच्या ग्राहकांपैकींच ५७,००० हून अधिक जणांनीं तो बसविला होता; चोरांचें लक्ष्य मात्र सुमारें ६०० निवडक संगणक एवढेंच होतें. ह्यावरून इशारा न येणें हीही निर्दोषपणाची खात्री नव्हे, हें उघड आहे.

तर मग सामान्य माणसानें करावें काय? एक पक्ष म्हणतो, 'इशारा आला कीं सारें फेंकून द्या'. दुसरा म्हणतो, 'इशारा नेहमींचाच, पुढें चला.' दोन्ही पक्षांत एक साम्य आहे: दोघांसही विचार करण्याचा त्रास नको आहे. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया गांवच्या लोकांची हकीकत आहे. पौलाचें भाषण त्यांनीं उत्सुकतेनें ऐकिलें; पण ऐकिलें म्हणून तत्काळ मानलें नाहीं, आणि नवें म्हणून झिडकारिलेंही नाहीं. तें तसेंच आहे कीं काय, हें ते दररोज शास्त्रांत शोधून पाहत राहिले. ह्याबद्दल त्यांची निंदा न होतां स्तुतीच झालेली आहे. अशी पारख करण्याची रीत आम्हांस पुढीलप्रमाणें वाटते.

(१) इशाऱ्याचे शब्द वाचावे. सर्व इशारे एकसारखे नसतात. 'ह्या प्रोग्रामास संगणकांत बदल करूं द्यावा काय?' हा प्रश्न केवळ परवानगीचा. विंडोजचा स्मार्टस्क्रीन जेव्हां निळ्या चौकटींत प्रोग्राम अनोळखी असल्याचें सांगतो, तेव्हां तो आरोप करीत नाहीं. 'ह्यास मी ओळखत नाहीं' एवढेंच म्हणतो. परंतु एखाद्या घातक प्रोग्रामाचें नांव घेऊन फाइल अडकवून ठेवली जाते, तेव्हां तो आरोप असतो, आणि त्याची चौकशी झालीच पाहिजे. तें नांव वहींत लिहून घ्यावें.

(२) सॉफ्टवेअर कोठून आलें तें विचारावें. यंत्राच्या कर्त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून आपण होऊन पत्ता लिहून आणिलेलें सॉफ्टवेअर, हें सर्वांत बरें. शोधांत वर आलेल्या जाहिरातीवरून, 'ड्रायव्हर फुकट' अशा कोण्या तिऱ्हाइताच्या जागेवरून अथवा हातोहात फिरलेल्या पेनड्राइव्हवरून आलेलें घेऊं नये.

(३) सही पाहावी. फाइलीवर माउसचें उजवें बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडावें. तेथें 'डिजिटल सिग्नेचर्स' असें पान असल्यास सही करणाराचें नांव दिसतें. तें यंत्राच्या कर्त्याचें आहे काय? सही वैध आहे असें तेथें म्हटलें आहे काय? सहीनंतर फाइलींत एक अक्षर जरी बदललें, तरी सही वैध राहत नाहीं. अर्थात् आसूसची गोष्ट विसरूं नये: सही हा चांगला साक्षीदार आहे, पण एकटा पुरेसा नाहीं.

(४) दुसऱ्यांची साक्ष घ्यावी. व्हायरसटोटल नांवाच्या संकेतस्थळावर एखादी फाइल दिली, तर अनेक अँटीव्हायरसांचें मत एकाच वेळीं कळतें. एकदोघांनींच मोघम शंका घेतली असेल, तर तो खोटा इशारा असण्याचा संभव पुष्कळ. अनेकांनीं मिळून एकाच घातक प्रोग्रामाचें नांव घेतलें असेल, तर वाद संपला. मात्र तेथें दिलेली फाइल इतरांच्याही हातीं जाऊं शकते. म्हणून स्वतःचीं पत्रें, गुणपत्रकें वा घरचे कागद तेथें कदापि देऊं नयेत.

(५) हें सॉफ्टवेअर हवेंच काय, असा प्रश्न स्वतःस करावा. साधे कीबोर्ड व माउस बहुधा कसल्याही सोबत्यावांचून चालतात, आणि पुष्कळ प्रिंटरही विंडोजमधील मूळच्याच सोयीनें छापतात. केवळ दिव्यांचा रंग बदलावा म्हणून एखाद्यास घराच्या गाभाऱ्यांत नेऊन बसविणें शहाणपणाचें नव्हे.

(६) सर्वांत महत्त्वाचें: संशय फिटेपर्यंत थांबावें, आणि पहारेकऱ्यास निजवूं नये. इशारा खोटा असेल, तर अँटीव्हायरसचा कर्ता बहुधा थोडक्याच दिवसांत आपली यादी सुधारतो. इशारा खरा असेल, तर त्याच दिवसांत बाकीचेही ओरडूं लागतात. दोन्हीं प्रकारें थांबणाराचें कल्याणच. जो विक्रेता 'आधीं अँटीव्हायरस बंद करा' असें सांगतो, तो लबाडच असतो असें नाहीं. पण स्वतःची सोय व्हावी म्हणून तो आपणांस दार उघडें टाकावयास सांगत असतो, एवढें खास.

पालकांस आमची एक विनंती आहे. पुष्कळ घरांत आज संगणकाचें ज्ञान मुलांना अधिक आणि वडीलधाऱ्यांना कमी, अशी स्थिति आहे. त्यामुळें आईवडील संकोचतात व मुलगा म्हणेल तेथें 'होय' म्हणतात. परंतु 'हें तूं कोठून आणिलेंस?' हा प्रश्न विचारण्यास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. घरांत नवी वस्तु दिसली असतां आपल्या आजीनें हाच प्रश्न विचारिला असता. तो विचारा, आणि उत्तर ऐकेपर्यंत शांतपणें बसा. ज्या संगणकावरून घरचे बँकेचे व्यवहार होतात, त्यावर खेळासाठीं हवीं तीं सॉफ्टवेअरें बसवूं देऊं नका. आणि फोटो व महत्त्वाचे कागद ह्यांची एक प्रत निराळ्या ठिकाणीं काढून ठेवा.

आतां आमच्या टॅब्लेटचें काय झालें तें सांगून लेख आटोपतों. त्याच सायंकाळीं आम्ही ती मुलगी व तिचे दोन वर्गबंधु ह्यांसह संगणकाच्या खोलींत बसलों. पेनड्राइव्ह तपासतां दिसून आलें, कीं टॅब्लेटच्या सॉफ्टवेअरवरच नव्हे, तर त्याच पेनड्राइव्हवरील दुसऱ्या दोन जुन्या प्रोग्रामांवरही तोच इशारा येत होता. आणि त्यांचा टॅब्लेटशीं तर कांहींच संबंध नव्हता. "म्हणजे दोष टॅब्लेटवाल्यांचा नसावा, सर," एक मुलगा म्हणाला, "लागण पेनड्राइव्हला झाली आहे." तर्क योग्य होता. ती लागण दुकानांत झाली, कीं घरीं, कीं आमच्याच एखाद्या संगणकावर, हें मात्र सिद्ध करितां आलें नाहीं. म्हणून कोणावरही ठपका ठेविला नाहीं. पेनड्राइव्ह पुसून टाकिला, खोलींतील सर्व संगणक तपासून घेतले, कर्त्याच्या संकेतस्थळावरून नवी फाइल आणिली, आणि सही पाहून ती बसविली. ह्या वेळीं पहारेकरी गप्प होता. दुसऱ्या दिवशीं त्या टॅब्लेटवर पहिलें चित्र काढण्याचा मान आम्हीं त्या मुलीस दिला. तिनें दाराशीं बसलेला एक कुत्रा काढिला.

आम्ही वीस वर्षांहून अधिक काळ मुलांना सांगत आलों आहों, कीं प्रश्न विचारा. त्या दिवशीं एका मुलीनें तो विचारला, तेव्हां त्याचें उत्तर आमच्यापाशीं तयार नव्हतें. शिक्षकास ह्याहून चांगली गुरुदक्षिणा कोणती मिळावयाची? विद्यार्थ्यांनो, पुढें तुमच्या हातीं ह्याहून मोठीं यंत्रें येतील, आणि घाई करणारे आमच्यासारखे वडीलही भेटतील. तेव्हां त्यांचा मान राखून, पण न भितां, दाराशीं कोण आहे तें आधीं पाहा.